वॉटर पी, मँगो खा!

लहान मुलांना घरीच इंग्रजी शिकवावे, आणि तेही बोबडे बोल सुटायच्या आत, अशी एक लाटच आपल्या सोलापुरात आली आहे. कोणत्याही पेठेत जा, हेच ऐकू येईल. ‘बेटा, वॉटर पी’, ‘हँड वॉश कर’, ‘तो बघ काऊ!’ आता हा काऊ म्हणजे कावळा की गाय, हे त्या दोन वर्षांच्या जिवाला उमगेपर्यंत कावळा उडून जातो आणि गाय पुढच्या बोळात शिरते.

हसू येते खरे. पण या आयांना हसणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. दिवसभर विड्या वळून किंवा मागावर उभे राहून जे पोराच्या शाळेची फी भरतात, त्यांनी इंग्रजी न येण्याची किंमत मोजलेली असते. दवाखान्यातली चिठ्ठी चार जणांकडून वाचून घ्यावी लागते. मुलाखतीला गेलेला मुलगा पहिल्याच प्रश्नाला गप्प होऊन परत येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर अंग चोरून बसणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. तेव्हा मुलाला इंग्रजी यावे ही इच्छा मुळीच चूक नाही. माझा आक्षेप आहे तो रीतीवर.

‘वॉटर पी’ या वाक्यात इंग्रजी किती? एक नाम. क्रियापद मराठी, घडण मराठी, मायाही मराठीच. फळांची, रंगांची, प्राण्यांची अशी पन्नास नावे पाठ झाली की पाहुण्यांपुढे पोराला उभे करून ‘नोज कुठंय?’ असे विचारायचे. नाकाला बोट लागले की आई-वडील कृतकृत्य! पण भाषा म्हणजे काही नावांचे गाठोडे नव्हे. ‘काल पडलो तेव्हा दुखलं नाही, आता दुखतंय’ हे सांगता येणे म्हणजे भाषा. ते सांगायला लागणारी भाषा आईपाशी इंग्रजीत नाही. तेलुगूत आहे, मराठीत आहे, कन्नडमध्ये आहे, आणि भरभरून आहे. घरात जे उदंड आहे ते झाकून ठेवायचे आणि जे चिमूटभर आहे तेवढेच पोराच्या ताटात वाढायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

वास्तविक लहानपणी दुसरी भाषा कशी येते हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. शहराच्या पूर्व भागात मागाच्या धंद्यासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या कित्येक पिढ्या झाल्या. घरात अजून तेलुगूच चालते. पलीकडच्या गल्लीत कन्नड, त्यापलीकडे उर्दू. माझेही घर तेलुगूच. मराठी ही माझी दुसरी भाषा आणि ती मला घरी कोणीही ‘शिकवली’ नाही. शेजारच्या काकूंकडे भाकरी मिळायची ती मराठीत. लगोरीतले भांडण मराठीत. किराणा दुकानात सुट्या पैशांचा हिशेब मराठीत. आमच्या बोळातले चार वर्षांचे पोर गड्ड्याच्या यात्रेत आजीशी एका भाषेत हट्ट करते आणि पाळणेवाल्याशी दुसऱ्या भाषेत घासाघीस करते. प्रत्येक भाषेला एक माणूस होता, म्हणून ती आली.

हीच गोष्ट युरोपात एका बापाने जाणीवपूर्वक करून पाहिली. झ्यूल रोंझा हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. त्याची पत्नी जर्मन. मोरिस ग्रामाँ या सहकारी पंडिताच्या सल्ल्याप्रमाणे बापाने मुलाशी फक्त फ्रेंच आणि आईने फक्त जर्मन बोलायचे असे ठरले. मुलगा दोन्ही भाषा नीट बोलू लागला. १९१३ साली रोंझाने त्यावर पुस्तक लिहिले. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हा नियम आज पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्यातली मेख अशी की दोघेही आपापल्या भाषेत बोलत होते. याला अपवादही आहे. ऑस्ट्रेलियातले जॉर्ज सॉन्डर्स यांची मातृभाषा इंग्रजी, तरी ते मुलांशी जर्मन बोलत. १९८२ साली त्यांचेही पुस्तक निघाले. मात्र त्यांनी ती भाषा मेहनतीने कमावली होती, आणि आईची इंग्रजी घरातून हद्दपार केली नव्हती.

आपल्याकडे हद्दपारीच चालते. ‘घरी इंग्रजीतच बोला’ असे एखाद्या शाळेतून सांगितले जाते आणि त्या दिवसापासून घरात सर्वांत अधिक बोलणारे माणूस, म्हणजे आजी, मुके होते. आम्ही तिला नानम्मा म्हणतो. तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असे दोन शब्द आहेत. ‘मनम्’मध्ये ऐकणाराही धरलेला असतो, ‘मेमु’मध्ये नसतो. मराठीतही नेमके तेच: ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आपण जत्रेला जाऊ’ म्हटले की पोर चपला शोधायला धावते. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की भोकाड पसरते. हा भेद त्याला कोणी शिकवलेला नसतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. त्यात इंग्रजीचा काही दोष नाही. पण ज्या घरात हे दोन शब्द बंद पडतात, तिथे नानम्मा ‘आपण’मधून केव्हा बाहेर पडली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या पुतण्याला ती काय म्हणते ते कळते, पण तिला उत्तर देता येत नाही. ती गोष्ट सांगू लागली की तो मोबाइल मागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले, वाद झाला, आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. त्या गदारोळात ज्यांच्या घरी मराठी हीच दुसरी भाषा आहे त्या मुलांची आठवण निघालेली निदान माझ्या तरी कानावर आली नाही. आणि मराठीच्या रक्षणावर व्याख्याने देणाऱ्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत, हे विचारणे वार्षिकांकाच्या शिष्टाचारात बसत नसावे! असो.

मग इंग्रजी शिकवायचेच नाही काय? शिकवावे, अवश्य शिकवावे. पण आईने आपल्या भाषेत पोटभर बोलावे, रागवावे, गाणी म्हणावीत. आणि ज्याला इंग्रजीची थोडीफार वाक्ये सरळ वाचता येतात अशा घरातल्या कोणी, म्हणजे बहुधा तुम्ही किंवा मी, रोज अर्धा तास मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचावी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके अनेक भाषांत निघतात. चित्रे तीच, भाषा निराळी. नानम्माने तेलुगूत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचली, तर पोराला अर्थ आधीच ठाऊक असतो आणि नवे वाक्य त्यावर अलगद बसते.

आपल्या ग्रंथालयात अशी पुस्तके नाहीत, कारण ती ‘अभ्यासक्रमात’ नाहीत. प्राचार्यांना विनंती आहे की यंदाच्या खरेदीत त्यांतील वीस-पंचवीस पुस्तके मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी अशा जोड्यांनी घ्यावीत, आणि ती विद्यार्थ्यांच्या कार्डावर घरी नेऊ द्यावीत. पहिले कार्ड मी भरते.