बाळासाठी वेगळी गाडी

१०८ ची सेवा गोव्यात २००८ साली आली आणि कित्येकांचे प्राण वाचले, हे मान्यच. पण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याचा ऑक्सिजनचा मास्क वेगळा, औषधाची मात्रा वजनावर. दिवस न भरलेले बाळ तर वाटेतच गार पडते. काणकोणहून बांबोळीला तासावर वेळ लागतो, त्यात करमल घाट! इनक्युबेटर नसेल तर बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून न्यावे; पण पुष्कळदा आईलाच ‘मागाहून या’ म्हणतात. आम्हा कारकुनांचा रकाना ‘रुग्णवाहिका आहे’ एवढ्यावर भरतो. आत बाळासाठी काय आहे, हे कोण विचारतो? सज्ज गाडी काणकोण, वाळपईलाच उभी हवी. बांबोळीहून पाठवायची म्हणजे वेळ दुप्पट.