झाडं मोजली, चिखलाचं काय? भाईंदरच्या खाडीतल्या ‘काचेच्या’ शेवाळाची गोष्ट

वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याची बातमी आली की चर्चा एकाच आकड्यावर येते: खारफुटीची किती झाडं तुटणार आणि बदल्यात किती लावणार? खारफुटीचा नाश हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं. त्यामुळे झाडांचा हिशेब तरी होतो. पण खाडीला पोसणारा आणखी एक जीव या हिशेबात येतच नाही. त्याचं नाव डायटम.

डायटम म्हणजे काय?

डोळ्यांना न दिसणारं, एकाच पेशीचं शेवाळ. पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन ते स्वतःभोवती काचेसारखं कवच तयार करतं. डबी आणि झाकण असावं, तसे कवचाचे दोन भाग. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणात डायटमचा वाटा सुमारे 20 टक्के मानला जातो. ओहोटीला चिखलावर सोनेरी-तपकिरी थर दिसतो, तो बहुतेकदा यांचाच.

काच कशासाठी?

कवच संरक्षण तर करतंच. शिवाय त्यावरच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या रांगा प्रकाश वळवतात, पसरवतात. काही गोल डायटमचं कवच भिंगासारखा प्रकाश एकवटतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये एका प्रजातीचं गणित मांडलं: कवचामुळे प्रकाशसंश्लेषण सुमारे 10 टक्क्यांनी वाढू शकतं. अर्थात, हा अंदाज संगणकीय प्रारूपावरचा आहे. तो सगळ्याच डायटमना लागू होईल असं नाही.

आपल्या खाडीशी संबंध काय?

वसईच्या खाडीचं पाणी गढूळ. ऊन फार खोल जात नाही. त्यामुळे चिखलातले डायटम ओहोटीला वर सरकतात, ऊन घेतात आणि भरतीआधी पुन्हा खाली जातात. डायटमसारख्या सूक्ष्म जीवांवर जवळा जगतो आणि जवळ्यावर बोंबील. उत्तनच्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलाची साखळी अशी काचेच्या कवचापर्यंत पोहोचते.

मग अडचण कुठे?

खारफुटी दुसरीकडे लावता येते. भरावाखाली गेलेला चिखल मात्र दुसरीकडे लावता येत नाही. आणि भरपाईची झाडं उघड्या चिखलावरच लावली, तर सावलीमुळे तिथल्या डायटमचं ऊन कमी होतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘किती झाडं?’ विचारताना आणखी एक प्रश्न जोडायला हवा: भरती-ओहोटीचा चिखल किती उरणार?