अँटिऑक्सिडंटची गोळी आणि खांद्यावरचा पंप

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर सिहोरा तहसील लागते. खरिपात भात, रब्बीत गहू, हरभरा आणि मटार, आणि अलीकडच्या वर्षांत त्यावर उन्हाळी मूग अशी येथील पिकांची साखळी आहे. मटार तर ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतील जबलपूर जिल्ह्याचे पीक. वर्षाकाठी तीन पिके म्हणजे फवारणीचा पंप खांद्यावरून जवळजवळ उतरतच नाही. या पट्ट्यात काम करताना किडींच्या प्रश्नांबरोबर आता एक वेगळाच प्रश्न शेतकरी विचारू लागले आहेत. फवारणी करणाऱ्याने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात काय? ‘शरीरातील विष बाहेर काढणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि कॅप्सूल आता निविष्ठांच्या पुड्यांइतकीच सहज हाती पडतात. फवारणीनंतर गूळ खाण्याची किंवा दूध पिण्याची जुनी समजूत होतीच. तिच्या जागी ही नवी, महाग समजूत येत आहे. गूळ निदान स्वस्त होता.

माझे उत्तर स्पष्ट आहे. फवारणीपासून संरक्षण म्हणून या गोळ्या घेऊ नयेत, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी त्यांची शिफारस तर मुळीच करू नये. परंतु नुसता नकार देऊन शेतकऱ्याचे समाधान होत नाही, म्हणून त्यामागील कारण थोडे विस्ताराने मांडते.

श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूचा काही अंश पेशींमध्ये अतिक्रियाशील रूपांत बदलतो. हे कण पेशींची आवरणे, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांना इजा करू शकतात. त्यांचा बंदोबस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत जन्मतःच असते. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही तिची मुख्य विकरे, आणि ग्लुटाथायोन हा पेशी स्वतः घडविते तो छोटासा रेणू. यांतील पहिल्या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये उलगडले. जीवनसत्त्व ‘क’ किंवा ‘ई’चा एक रेणू एका घातक कणाला सामोरा जातो आणि स्वतः खर्ची पडतो, त्याला पुन्हा कामाला लावण्यासाठीही पेशीतील हीच यंत्रणा लागते. विकराचा एक रेणू मात्र खर्ची न पडता असंख्य कण निकामी करीत राहतो. शरीराचे खरे संरक्षण या विकरांवर उभे आहे, आणि ती बाटलीत मिळत नाहीत. ग्लुटाथायोनच्या गोळीचाही बराचसा भाग पचनमार्गातच तुटून जातो.

आता उन्हाळी मुगाकडे येऊ. हार्वेस्टर चालविता यावा म्हणून उभे पीक एकदम वाळविण्यासाठी नर्मदा खोऱ्यातील अनेक शेतांत पॅराक्वाट हे तणनाशक फवारले जाते. मुगासाठी असा वापर मंजूर नाही. 2025 च्या उन्हाळ्यात मध्य प्रदेश शासनाने आधारभूत किमतीने मूग खरेदी करण्यास प्रथम नकार दिला, तेव्हा तणनाशकाच्या या वापराचेच कारण पुढे केले होते. नंतर खरेदी झाली. त्या वेळची सारी चर्चा दाण्यातील अवशेषांची होती. भर मे महिन्याच्या उन्हात, हातमोज्यांवाचून, गळक्या पंपाने ते फवारणाऱ्या मजुराची चर्चा फारशी झाली नाही.

पॅराक्वाट हे ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याचे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे. पानातील हरितकणूंमध्ये ते इलेक्ट्रॉन पळविते, तो प्राणवायूला देऊन सुपरऑक्साइड तयार करते, आणि पुन्हा मूळ रूपात येऊन तेच चक्र सुरू ठेवते. म्हणूनच उन्हात पाने काही तासांत करपतात. माणसाच्या फुप्फुसात ते साचते आणि तेथेही हेच चक्र चालते. या चक्रात पेशीचे ते इंधनच संपते, ज्याच्या बळावर ग्लुटाथायोन पुन्हा ताजे होत असते. पॅराक्वाटच्या विषबाधेवर उतारा नाही. जीवनसत्त्व ‘क’ आणि एन-ॲसिटिलसिस्टीन यांसारखी द्रव्ये रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, पण प्राण वाचविण्याचा भरवसा त्यांपैकी कोणीही देऊ शकलेले नाही. अशा रुग्णाला गरज नसताना प्राणवायू लावणेही डॉक्टर टाळतात, कारण त्याने आग आणखी भडकते. रुग्णालयात शिरेवाटे दिलेली मोठी मात्रा जेथे निरुपाय ठरते, तेथे सकाळी चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल काय करणार? धडधाकट कातडीतून पॅराक्वाट फारसे शिरत नाही. खरचटलेल्या, सतत ओल्या राहिलेल्या कातडीतून शिरते. म्हणजे पाठीवर गळणाऱ्या पंपाचे वीस-तीस रुपयांचे वायसर बदलणे हे कोणत्याही कॅप्सूलपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

एन-ॲसिटिलसिस्टीनच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनात यकृतातील ग्लुटाथायोन संपते आणि तेथे हेच द्रव्य वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो. त्या द्रव्याचे मोल निदान, मात्रा आणि वेळ यांत आहे. ‘रोज एक घ्या’ यात नाही.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला या विषयात आणखी एक गोष्ट दिसते. भाज्या, फळे आणि मसाल्यांतील ज्या फिनॉलवर्गीय द्रव्यांना आपण कौतुकाने अँटिऑक्सिडंट म्हणतो, त्यांतील बरीचशी वनस्पतींनी किडींपासून बचावासाठी घडविलेली आहेत. पाने खाणाऱ्या अनेक अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात टॅनिनसारखी द्रव्ये उलटे काम करतात. ती स्वतः ऑक्सिडीकृत होऊन घातक कण निर्माण करतात. अळीही त्याला तोंड देण्यासाठी आपली विकरे वाढविते. त्यांपैकी ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज ही विकरे कीटकनाशकेही निष्प्रभ करतात आणि किडींच्या प्रतिकारशक्तीचे ते एक प्रमुख कारण आहे. द्रव्य तेच, पण मात्रा आणि ठिकाण बदलले की गुण बदलतो. माणसाच्या शरीरातही अन्नातील ही द्रव्ये बहुधा सौम्य चिथावणी देऊन आपली स्वतःची विकरे वाढवितात, असे आता मानले जाते. भाजीतील चिमूटभर हळद आणि काळी मिरी मिसळलेली हळदीच्या अर्काची कॅप्सूल यांना एक समजू नये. अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झालेल्या आहेत. हिरव्या चहाच्या अर्काविषयी युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मध्ये असाच इशारा दिला.

मोठ्या चाचण्यांचा कौलही याच दिशेचा आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष 1994 चा. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. जबलपूरच्या परिसरात विडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि फवारणी करणाऱ्यांत विडी ओढणारे कमी नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. 35,533 पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत जीवनसत्त्व ‘ई’च्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत सेलेनियमचाही काही लाभ दिसला नाही.

सेलेनियमविषयी मराठी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या घडणीत ते लागते, म्हणून ‘अँटिऑक्सिडंट खनिज’ या नावाने ते गोळ्यांत भरले जाते. डिसेंबर 2024 पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव आणि आसपासच्या गावांत, लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक आणि रुग्णांत जस्त कमी असल्याचे सांगितले. शासनाच्या पातळीवर गव्हाविषयी मतभेद झाले. मात्र सेलेनियम अति झाले की केस आणि नखे गळतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पंजाबातील नवांशहर-होशियारपूरच्या सेलेनियमयुक्त जमिनींवर जनावरांचे खूर गळण्याचा अनुभवही जुनाच. प्रौढ माणसाची दैनंदिन गरज 40 ते 55 मायक्रोग्रॅमच्या घरात आणि वरची मर्यादा अमेरिकेत 400, युरोपात 2023 पासून 255 मायक्रोग्रॅम. गरज आणि अपाय यांतील अंतर इतके थोडे असताना, आपल्या गव्हात किती आहे हे न जाणता वर गोळी घेणे म्हणजे माती परीक्षण न करता सूक्ष्म अन्नद्रव्यांचा मारा करणे होय. पिकाच्या बाबतीत हे आपण कोणाला करू देत नाही.

सर्वच पूरके व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गरोदर स्त्रीची लोह व फॉलिक आम्लाची गोळी, तपासणीत कमतरता आढळलेल्या शाकाहारी माणसाचे ‘ब-12’, डॉक्टरांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्व ही बंद करू नयेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ‘ई’ आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ‘क’च्या मोठ्या मात्रा डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत, एवढेच.

शरीराच्या यंत्रणेला जे लागते ते बहुतेक शेतातच आहे. ग्लुटाथायोन घडविण्यास गंधकयुक्त प्रथिने लागतात. डाळीत ती थोडी उणी असतात आणि धान्यात त्या मानाने बरी, म्हणून वरण-भात किंवा भाकरी-डाळ ही जोडी शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. खाणाऱ्यांना अंडी उत्तम. जस्त, तांबे, मँगनीज हवे तर हरभरा, तीळ, जवस, कोदो-कुटकी आहेत. मटाराच्या शेतात तण म्हणून उपटून टाकला जाणारा चाकवत आहे, येथे त्याला बथुआ म्हणतात. हिवाळ्यात आवळा आहे. मुगाचा दाणा विकून कॅप्सूल विकत घेणारा शेतकरी मी पाहते तेव्हा या व्यवहाराचे नवल वाटते. पुरेशी झोप आणि विडी-तंबाखू सोडणे यांनाही पर्याय नाही.

विस्तार यंत्रणेकडून माझी अपेक्षा नेमकी आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. त्यानंतर सुरक्षा संचांची वाटपे झाली, पण उकाड्यात तो संच अंगावर टिकत नाही हे आपण सर्व जाणतो. म्हणून प्रशिक्षणात फवारणीची वेळ पहाटेची ठरविणे, गळके पंप तेथल्या तेथे दुरुस्त करून देणे, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावाचून पंप न उचलणे आणि मूग वाळविण्यासाठी तणनाशक न वापरता लवकर पक्व होणारे वाण निवडणे, यांवर वेळ दिला जावा. फवारणीनंतर मळमळ, घाम, धूसर दिसणे किंवा तोंडात आग जाणवली तर अंगावरचे कपडे काढून साबणाने धुणे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठणे, हे प्रत्येक मजुराला तोंडपाठ हवे. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेवर ॲट्रोपिनसारखा उतारा तेथेच मिळतो. येत्या मुगाच्या हंगामापूर्वी, मार्चअखेरच्या बैठकांत, पंपांची तपासणी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्यावा आणि त्या दिवशी वायसरांचा एक डबा सोबत न्यावा.