फाइलीला नाव देणे हीदेखील व्यापाराचीच शिस्त

कापडाच्या धंद्यात बिननंबरी ताका सहसा गोदामात जात नाही. ताक्यावर लॉट नंबर आणि मीटर लिहिलेले असतात, म्हणून हजारांतून हवा तो ताका हमाल काढून देतो. ताक्यावर "नवीन" किंवा "शेवटचा" असे कोणी लिहीत नाही. पण त्याच पेढीच्या काँप्युटरवरचे सामाईक फोल्डर उघडले, तर "बिल नवीन", "फायनल", "फायनल २" अशाच नावांच्या फाइली दिसतात.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हापासून हा केवळ टापटिपीचा प्रश्न राहिलेला नाही. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाचे कागद जपून ठेवावे लागतात. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घ्यायची, तर बिल हाताशी हवे. नोटीस काही वर्षांनी येते आणि तोवर फाइली ठेवणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. बिल असूनही वेळेवर सापडले नाही, तर ते नसल्यासारखेच.

काही बंधू म्हणतात, शोधले की काँप्युटर काढून देतो. परंतु काँप्युटर आपण टाइप केलेले नाव शोधतो, मनातले नव्हे. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत पाच-सहा प्रकारे लिहितात, शेखचीही तीच गत. परिणामी एकाच पार्टीची तीन फोल्डरे तयार होतात आणि येणे किती, देणे किती याचा मेळ बसत नाही.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक पार्टीला कायमचा एक नंबर द्यावा आणि त्या नंबरासमोर तिचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक एका यादीत लिहून ठेवावा. नावाचे स्पेलिंग बदलेल, तो क्रमांक स्पेलिंगने बदलत नाही. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस घ्यावा. दिवस आधी लिहिला तर सर्व वर्षांच्या सर्व महिन्यांतील ५ तारखा एका जागी गोळा होतात. मालेगावच्या चौदाव्या पार्टीच्या बिलाचे नाव "२०२४-०४-०५ मा०१४ बिल ०२३७" असे असावे. भावपत्रक बदलले तर "नवीन" न लिहिता ०१, ०२ असा क्रम द्यावा.

आणखी एक बारकावा आहे. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंत असतो व त्यात तिरकी रेघ चालते. विंडोजमध्ये मात्र फाइलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. मग एक कारकून ती गाळतो, दुसरा तेथे जागा सोडतो. त्यापेक्षा नव्या आर्थिक वर्षापासून बिलाच्या क्रमांकातच आडवी रेघ घ्यावी. ती दोन्हीकडे चालते.

हे नियम काँप्युटरवाल्या मुलावर सोपवू नयेत. भागीदारांनी एकत्र बसून ठरवावेत, एका कागदावर लिहावेत आणि टेबलासमोर चिकटवावेत. आपल्याकडे बहुतेक पेढ्या भावाभावांच्या आहेत. कोणता कागद कोठे आहे हे एकालाच ठाऊक असेल, तर तो आजारी पडताच व्यवहार अडतो आणि नंतर वारसांत संशय शिरतो. सर्वांना सापडणारा हिशेब भागीदारी टिकवतो.