निवृत्तांचा आरोग्यविमा : निवडीचे ओझे कोणाच्या माथी?

ऑक्टोबर महिना लागला की सार्वजनिक बँकांतून निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांना आपापल्या बँकेचे एक परिपत्रक येते. १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी सामूहिक वैद्यकीय विम्यात राहावयाचे की नाही, आणि राहावयाचे तर कोणता पर्याय स्वीकारावयाचा, हे ठरावीक मुदतीत कळवावे लागते. कड्यासारख्या बाजारपेठेच्या गावी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब चोख ठेवलेला एखादा निवृत्त रोखपाल हा तक्ता पुढ्यात घेऊन बसतो, तेव्हा त्याला हप्त्याचा आकडा तेवढा समजतो. त्या आकड्याच्या मोबदल्यात प्रसंगी हाती नेमके काय पडेल, हे मात्र उमगत नाही. हा गोंधळ त्याच्या अज्ञानातून आला आहे असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या रीतीने ही निवड दरवर्षी त्याच्यावर सोपविली जाते, त्या रीतीतच दोष आहे.

या योजनेचा उगम २५ मे २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय वेतनकरारात आहे. त्यापूर्वी रुग्णालयाच्या खर्चाची भरपाई बँक ठरलेल्या दरांनुसार करीत असे. करारानंतर तिची जागा विम्याने घेतली. अधिकाऱ्यांच्या कुटुंबाला ४ लाख आणि इतर कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला ३ लाख रुपयांचे संरक्षण ठरले. सेवेतील कर्मचाऱ्यांचा हप्ता बँकेने भरावयाचा होता. निवृत्तांसाठीही त्याच धर्तीचे संरक्षण खुले झाले. पण सहभाग ऐच्छिक आणि हप्ता ज्याचा त्याने भरावयाचा. पुढील काही वर्षांत निवृत्तांचा हप्ता अनेक पटींनी वाढला. मग घरी राहून घेतलेल्या उपचारांचा खर्च मिळणारा एक आणि न मिळणारा दुसरा असे पर्याय आले, त्यांवर अतिरिक्त संरक्षणाचे थर चढले, आणि साधा अर्ज हळूहळू कोडे होऊन बसला.

हप्ता का वाढला? वैद्यकीय महागाई हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. शंभर निवृत्तांच्या गटात वर्षाकाठी वीस जण आजारी पडतात आणि प्रत्येकी १ लाख रुपये खर्च येतो. एकूण खर्च २० लाख, म्हणजे माणशी २०,००० रुपये. हा आकडा पाहून प्रकृती धडधाकट असलेले तीस जण बाहेर पडतात. आजारी माणूस बाहेर पडत नाही, कारण त्याला विम्याची गरज पुरती ठाऊक असते. आता तोच खर्च सत्तर जणांत वाटला जातो व हप्ता २८,५०० रुपयांच्या वर जातो. त्या धक्क्याने आणखी वीस जण गळाले की उरलेल्या पन्नास जणांवर माणशी ४०,००० रुपये पडतात. रुग्णालयाचा दर एका पैशाने वाढलेला नसताना हप्ता दुप्पट झाला.

अर्थशास्त्राला ही प्रक्रिया नवी नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातच पासष्टीपुढील माणसांना वैद्यकीय विमा मिळणे इतके दुरापास्त का होते, याचा उलगडा याच तर्काने केला होता. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या गटात सगळेच वयस्क आहेत आणि दरवर्षी बाहेर पडण्याची मुभा आहे, तो गट आतून पोखरला जाणारच. सेवेतील तरुणांचा हिशेब वेगळा आणि निवृत्तांचा वेगळा ठेवला, तेव्हाच या वाढीची बीजे पेरली गेली.

आता व्यक्तीच्या बाजूने पाहावे. रक्तदाब वा मधुमेहाची दरमहा लागणारी औषधे हा आधीच ठाऊक असलेला खर्च आहे. त्यासाठी वाढीव हप्ता भरताना वर्षाचे औषधांचे बिल आणि हप्त्यांतील फरक यांची तुलना प्रत्येकाला करता येते. कठीण आहे तो रुग्णालयाचा भाग. अनेक विमापत्रांत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. दिवसाला ३,००० रुपयांची मर्यादा असताना रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली, तर कपात भाड्यापुरती थांबत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे अशा संलग्न खर्चांतही निम्मी कात्री लागू शकते. बाहेर पडून स्वतंत्र विमा घ्यावा, तर पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर उठला. सामूहिक विम्याला मात्र त्या सवलतीतून वगळले गेले. गटात टिकून राहणाऱ्यावर कर आणि गट सोडणाऱ्याला सूट, असा हा उफराटा न्याय झाला.

गावाचे स्थानही या निवडीत निर्णायक ठरते. कडा बीड जिल्ह्यात असले, तरी गंभीर रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली तीही त्याच दिशेने. विमा कंपनीच्या यादीतील रुग्णालय नगरला आहे की पुण्याला, आणि रात्री दोन वाजता तेथे रोख रक्कम न भरता दाखल करून घेतात काय, हे प्रश्न विमासंरक्षणाच्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहेत. परिपत्रकातील तुलनेच्या तक्त्यात त्यांना जागा नसते.

शासकीय योजनांचा आधार अलीकडे वाढला आहे, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि ५ लाख रुपयांपर्यंत विस्तारली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजना खुली झाली. खासगी विमा असणारेही तिला पात्र आहेत. निवृत्तांनी ही कार्डे अवश्य काढून ठेवावीत. पण त्यांतील उपचारांची यादी ठरलेली आणि रुग्णालये मान्यताप्राप्तच असतात. त्यांच्या भरवशावर सामूहिक विमा सोडणे धोक्याचे आहे.

याउलट १९५२ साली सुरू झालेली कामगार राज्य विमा योजना पाहावी. तिच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, पण तिचा पाया पक्का आहे. पात्र कामगाराला दरवर्षी पर्याय विचारला जात नाही. तरुण व वयस्क, निरोगी व रोगी सारे एकाच निधीत येतात, आणि वर्गणी वेतनाच्या प्रमाणात पडते. २०१९ च्या बदलानुसार कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असे तिचे प्रमाण ठरले. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघ्या १२० रुपयांत पती-पत्नींसाठी उपचार चालू ठेवण्याची तरतूदही तिच्या नियमांत करण्यात आली.

बँकेचे निवृत्त तुलनेने सुस्थितीत आहेत, त्यांच्यासाठी एवढी चिंता कशाला, असा आक्षेप येईल. ज्या ऑक्टोबरात त्यांच्या दारी परिपत्रक येते, त्याच सुमारास या तालुक्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि त्यांना कोणताही मालक विम्याचा अर्ज देत नाही, हे खरेच आहे. परंतु या अनुभवातला धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. राज्यातील शिक्षक व शासकीय कर्मचारी आज आधी खर्च, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कागद आणि त्यानंतर प्रतिपूर्तीची वाट, या चक्राला कंटाळून रोखविरहित विम्याची मागणी करीत आहेत. मागणी रास्त आहे. मात्र प्रतिपूर्तीच्या बदल्यात विमा पदरात घेताना निवृत्तांना वेगळे काढले गेले आणि सहभाग ऐच्छिक ठेवला गेला, तर बँकांतील कथा शाळांतून व कचेऱ्यांतून पुन्हा घडेल.

उपाय अवघड नाहीत, खर्चिक मात्र आहेत. सेवेतील व निवृत्त यांचा निधी एक असावा. त्याने सेवेतील हप्ता वाढेल व तो बँकेला भरावा लागेल. पण आजचा तरुण कारकून उद्याचा निवृत्त आहे, हे विसरून चालणार नाही. निवृत्तीच्या दिवशीच सहभाग आपोआप व्हावा आणि हप्ता निवृत्तिवेतनातून दरमहा वळता व्हावा. निवड राहावी ती केवळ वाढीव संरक्षणापुरती. परिपत्रक मराठीत, दीड महिना आधी यावे, आणि त्यात मागील वर्षी किती दावे आले, किती मंजूर झाले व जवळची रुग्णालये कोणती, हे छापलेले असावे. तोवर कर्मचारी संघटनांनी निदान तालुक्याच्या ठिकाणी ऑक्टोबरात एक दिवस बसून हा तक्ता समजावून द्यावा. म्हातारपणाची जोखीम सर्वांनी मिळून वाहावी म्हणून विमा जन्माला आला. ती जोखीम वर्षातून एकदा ज्याच्या त्याच्या गळ्यात परत अडकविणाऱ्या व्यवस्थेला विमा हे नाव शोभत नाही.