विर्सेन चुकला, पण कारणं लिहून चुकला

नोबेलचा मोसम आला की एक पोस्ट हमखास फिरते. टॉलस्टॉयला नोबेल नाही, इब्सेनला नाही, स्ट्रिंडबर्गला नाही. खाली हसणाऱ्या इमोजींचा ढीग. थोडं खोलात गेलेल्यांना गुन्हेगाराचं नावही ठाऊक असतं: कार्ल दाविद आव विर्सेन, स्वीडिश अकादमीचा कायम सचिव. माझं ह्या पोस्टशी भांडण आहे. निकाल चुकले हे खरंच. पण नेमकं काय चुकलं हे आपण बघत नाही आणि तीच चूक रोज करतो.

विर्सेन काही कारकून नव्हता. उप्साला विद्यापीठात साहित्याच्या इतिहासाचा अध्यापक, कवी, वर्तमानपत्रांत नियमित लिहिणारा समीक्षक. १८७९मध्ये तो अकादमीत आला आणि १८८४पासून १९१२पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सचिव राहिला. नोबेलनं सोपवलेलं काम घ्यावं की नाही ह्यावर अकादमीत कुरकुर होती. घ्यायचंच, म्हणून जोर लावला तो ह्यानंच.

मृत्युपत्रातला निकष मोघम होता: साहित्य 'आदर्श दिशेचं' हवं. मी सॉफ्टवेअर लिहितो. असं रिक्वायरमेंट आलं की ज्याच्या हातात कोड, त्याचाच अर्थ चालतो. विर्सेनच्या लेखी आदर्श म्हणजे धर्म, राज्य, कुटुंब ह्यांना धक्का न लावणारं. १९०१चं पहिलं नोबेल सुली प्रुदोमला गेलं, तेव्हा ४२ स्वीडिश लेखक-कलावंतांनी टॉलस्टॉयला जाहीर पत्र लिहून आपली नाराजी नोंदवली. पुढच्या वर्षी टॉलस्टॉयचं नाव रीतसर आलं. विर्सेनच्या समितीनं त्याची थोरवी मान्य केली, पण राज्य आणि चर्च नाकारणाऱ्या त्याच्या विचारांवर बोट ठेवलं. नोबेल मिळालं इतिहासकार मोमसेनला. १९०३मध्ये इब्सेनला वगळून ब्यॉर्नसनला.

इथं त्याचा खरा दोष दिसतो. आवड जुनाट असणं हा गुन्हा नाही. 'मला हे पटत नाही' असं म्हणायच्या जागी 'हे नियमात बसत नाही' असं म्हणणं, हा गुन्हा. स्वतःची आवड त्यानं नोबेलच्या शब्दामागे लपवली. शिवाय अकादमीच्या खुर्च्या अठरा. मतं सगळ्यांची होती, शिव्या मात्र एकट्याच्या वाट्याला आल्या.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूनं बोलते. त्यानं कारणं लिहिली आणि ती कागदावर राहिली, म्हणून त्यांच्याशी भांडता आलं. सेल्मा लागरलॉफच्या पहिल्याच कादंबरीवर त्यानं कडक टीका केली होती, तिच्या नोबेललाही तो आडवा आला. १९०९मध्ये अकादमीनं त्याचा विरोध बाजूला सारून तिला नोबेल दिलं. साहित्याचं नोबेल मिळवणारी ती पहिली बाई.

आता आपल्या फीडकडे बघा. एखादी कविता हजारोंपर्यंत जाते, दुसरी कुणालाच दिसत नाही. का? विचारायचं कुणाला? अहवाल नाही, सही नाही. 'डेटा सांगतो' हे आमच्या धंद्यातलं 'आदर्श दिशेचं' आहे. डेटामध्ये काय मोजायचं हे कुणीतरी माणसानंच ठरवलेलं असतं, फक्त त्याचं नाव खाली नसतं. आणि आपणही काय करतो? तीन तारे देतो, अंगठा खाली करतो आणि पुढे सरकतो. विर्सेनला हसायचा हक्क ह्या पिढीला कुणी दिला?

१९१२च्या १४ मे रोजी स्ट्रिंडबर्ग गेला, १२ जूनला विर्सेन. त्याच्या खुर्चीवर आला कवी हाइडेनस्टाम, टॉलस्टॉयच्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी त्यानं टागोरांची बाजू उचलून धरली. विर्सेनच्या कवितेतलं फारसं काही उरलं नाही. एक उन्हाळी स्तोत्र मात्र स्वीडनमध्ये शाळा सुटताना मुलं अजून गातात. त्याचा निकाल कुठल्याही समितीनं दिलेला नाही.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. पुस्तक आवडलं नाही तर का ते चार ओळींत लिहा, नाव घालून लिहा. चुकलात तर कुणीतरी खोडून काढेल. विर्सेनला काढलंच की.