जुनी ब्रिटिश आलिशान गाडी जपणं महाग का पडतं?

अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' चिलखती गाडी आहे. श्रीमंतांच्या आलिशान मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून ती लढाईसाठी बनवली गेली. ती लष्करानं जपली. पण एखाद्याच्या घरातल्या जुन्या जग्वारचं काय?

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' ठरते. पहिल्या नोंदणीचे 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

खरी अडचण आहे 20 ते 50 वर्षं वयाच्या गाड्यांची. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 80,000 रुपये झालं. फिटनेस चाचणी आणि पर्यावरण कर वेगळा.

जग्वार एक्सजे 1968 मध्ये आली, 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 1985 ची एक्सजे 2035 मध्ये व्हिंटेज ठरेल. तोवर दर 5 वर्षांनी हा खर्च आहेच.

धूर ओकणाऱ्या गाड्या हटाव्यात, हे बरोबरच. पण भंगार कोणतं आणि वारसा कोणता, हे नुसत्या वयावरून कसं ठरणार?